सेवानिवृत्त शिक्षक : समाजाची संचित ज्ञानशक्ती

(सेवानिवृत्त शिक्षकांच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिक्षकाच्या सेवानिवृत्तीचा समारंभ महाराष्ट्रात कोठेही गेले तरी जवळपास सारखाच असतो. शाल, श्रीफळ, सहकाऱ्यांची भाषणे, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचे गहिवरलेले मनोगत आणि शेवटी ‘पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो’ ही शुभेच्छा. या शुभेच्छेत आपुलकी निश्चित असते. परंतु तिच्या पोटात एक गृहीतकही दडलेले असते. या व्यक्तीने समाजाला जे द्यावयाचे ते देऊन झाले, आता तिने विश्रांती घ्यावी, असे ते गृहीतक. ते कितपत खरे आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

राज्यातील शालेय शिक्षक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. या अठ्ठावन्न वर्षांवरून एका थोर अध्यापकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले आणि १९१४ मध्ये तेथून निवृत्त झाले. भारतातील पहिले महिला विद्यापीठ त्यांनी स्थापन केले ते १९१६ मध्ये, म्हणजे बरोबर अठ्ठावन्नाव्या वर्षी. तेथेही ते थांबले नाहीत. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे प्राथमिक शिक्षण पोहोचावे म्हणून १९३६ मध्ये त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाची स्थापना केली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते! १९५८ मध्ये देशाने त्यांना ‘भारतरत्न’ देऊन गौरविले, तेव्हा त्यांच्या शंभर वर्षांच्या आयुष्यातील मोठा कार्यखंड हा निवृत्तीनंतरचाच होता.

प्रत्येक शिक्षक कर्वे होऊ शकत नाही, हे उघड आहे. तशी अपेक्षाही नाही. परंतु आपल्या परंपरेने जीवनाचे जे टप्पे सांगितले, त्यांत वानप्रस्थाचा अर्थ समाजाकडे पाठ फिरविणे असा कधीच नव्हता. घराची सूत्रे पुढच्या पिढीकडे द्यावीत, अधिकार सोडावा आणि अनुभव मात्र समाजासाठी मोकळा ठेवावा, हे त्यामागचे सूत्र. ज्ञान ज्यांच्याकडून मिळाले त्यांचे ऋण ते ज्ञान पुढे देऊनच फिटते, ही ऋषिऋणाची कल्पनाही हेच सांगते. पस्तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाकडे या दृष्टीने पाहिले, तर समाजाची किती मोठी संपत्ती घरोघरी वर्तमानपत्र वाचीत बसलेली आहे, हे ध्यानात येईल.

गरज नेमकी कोठे आहे?

शाळा गावोगाव पोहोचल्या, पटनोंदणी वाढली, ही गेल्या काही दशकांची जमेची बाजू. परंतु पटावर नाव असणे आणि वाचता येणे यांत अंतर आहे. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची व गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालानुसार, २०१८ मध्ये पाचवीतील ५०.५ टक्के मुले दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकत होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हेच प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. २०२४ च्या पाहणीत सुधारणा दिसली, ही समाधानाची गोष्ट. तरीही सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्केच होती.

या आकड्यांचा अर्थ वर्गात उभे राहिलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘कमळ’ वाचणारा मुलगा ‘काकडी’पाशी अडतो, ‘काकडी’ वाचणारी मुलगी ‘विश्वास’पाशी थांबते. काना, वेलांटी, जोडाक्षर यांपैकी कोठे गाठ बसली आहे, हे अनुभवी शिक्षकाला दोन ओळी ऐकताच कळते. ती गाठ सोडवावयास वेळ लागतो, तो त्या एका मुलाजवळ बसण्याचा वेळ. चाळीस मुलांचा वर्ग, शिवाय अहवाल, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या कार्यरत शिक्षकापाशी नेमका तोच शिल्लक नाही. निवृत्त शिक्षकापाशी तोच भरपूर आहे. सेवेची जागा या दोन वस्तुस्थितींच्या मध्ये आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ही गोष्ट ओळखली आहे. समाजातील प्रत्येक साक्षर व्यक्तीने एका विद्यार्थ्याला वा एका व्यक्तीला वाचावयास शिकविण्याचे मनावर घ्यावे, शाळांनी आपल्या परिसरातील निवृत्त कर्मचारी व स्वयंसेवकांची सूची ठेवावी, असे त्यात सुचविले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘विद्यांजली’ उपक्रमाचे नवे रूप सुरू केले. त्यात सरकारी व अनुदानित शाळांनी आपली गरज नोंदवावी आणि स्वयंसेवकाने तेथे साहाय्य करावे, अशी योजना आहे.

पदासाठी नव्हे, मुलासाठी

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर, नियमित भरती होईपर्यंत, सेवानिवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय घेतला. अध्यापन पदविका घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. त्यांची वेदना समजून घेतली पाहिजे. ज्या शाळेत शिक्षकच नाही, तेथील मुलांची सोय तात्पुरती का होईना झाली पाहिजे, हे खरे. परंतु ज्याला निवृत्तिवेतन मिळते त्याने, ज्याची अजून सुरुवातही झाली नाही त्याच्या वाटेत उभे राहावे काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारावा.

स्वयंसेवेचे क्षेत्र याहून निराळे आहे. जेथे पदच मंजूर नाही, वेतन नाही, हजेरीपट नाही, आणि तरीही ज्याच्यावाचून मूल मागे पडते, ते काम स्वयंसेवकाचे. शाळेत शिक्षकाचे पद रिकामे असेल तर ते भरले जावे म्हणून गावाने ग्रामपंचायतीत, शाळा व्यवस्थापन समितीत आग्रह धरावा; स्वयंसेवकाच्या उपस्थितीमुळे तो आग्रह सैल पडू नये. सेवेने व्यवस्थेला पूरक व्हावे, तिची जबाबदारी झाकू नये. हा विवेक राखला, तर काम करावयास क्षेत्रे किती तरी आहेत.

कामाची काही क्षेत्रे

पहिले क्षेत्र अर्थातच मागे पडलेल्या मुलांचे. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून तिसरी ते पाचवीतील पाच-सहा मुले निवडावीत. इयत्ता बाजूला ठेवून त्यांचा स्तर पाहावा : अक्षरे ओळखतात का, शब्द वाचतात का, छोटा परिच्छेद वाचतात का, गोष्ट वाचून तिच्याविषयी सांगू शकतात का? ज्या पायरीवर मूल उभे आहे तेथून आरंभ करावा. आठवड्यातून तीन दिवस, दररोज दोन तास आणि वर्षातील चाळीस आठवडे असा हिशेब केला, तर २४० तास होतात. एवढे तास पाच-सहा मुलांच्याच वाट्याला यावेत, हे नित्याच्या वर्गात कधीही शक्य होत नाही.

दुसरे क्षेत्र स्थलांतरितांच्या मुलांचे. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांचे तांडे साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे अर्धे वर्ष फडावर गेले, की मूल पुन्हा त्या वर्गात रमत नाही. म्हणून मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि त्यांच्या भोजनाची व्यवस्था होते. पण आई-बाप दूर असलेल्या त्या मुलाची संध्याकाळ कोणी सांभाळावयाची? दिवेलागणीला चार मुले भोवती घेऊन गोष्ट वाचणारे एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई गावात असतील, तर त्या सहा महिन्यांचे रूपच पालटते.

तिसरे क्षेत्र वनवासी भागाचे. येथे निवृत्त शिक्षकाला आधी विद्यार्थी व्हावे लागते. मेळघाटातील कोरकू मुलाची घरची भाषा मराठीच्या कुळातील नाही. ती मुंडा भाषांच्या परिवारातील आहे. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकताच त्या मुलाच्या कानांवर सर्वस्वी अनोळखी भाषा पडते आणि त्याच्या मौनाला आपण मंदबुद्धी समजतो! भिल्ल, पावरा, वारली, कातकरी मुलांच्या बाबतीतही कमी-अधिक प्रमाणात हेच घडते. तेथे जाणाऱ्याने प्रथम त्या भाषेतील पन्नास-शंभर शब्द शिकावेत. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आजच्या ‘अंगणवाडी’ शब्दामागे ही दृष्टी आहे. बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रमाचे काम आरंभिले, तेही मुलांच्या शिक्षणापासूनच. वनवासी भागातील वसतिगृहांत वर्षातून दोन-तीन महिने राहून गणित, विज्ञान किंवा इंग्रजी शिकविणारा निवृत्त शिक्षक आजही हवाच आहे.

चौथे क्षेत्र प्रौढ साक्षरतेचे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती. स्त्रियांची मात्र सुमारे ७५.९ टक्के. म्हणजे दर चार स्त्रियांमागे एक अक्षरओळखीवाचून राहिली होती. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, अर्थात ‘उल्लास’, हा पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असून तो स्वयंसेवकांच्याच बळावर उभा आहे. या बाबतीत महाराष्ट्राचा पूर्वानुभव मोलाचा आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती राज्यभर नेण्यात आली. प्राथमिक शिक्षक आणि ग्रामस्थ हेच तिचे आधारस्तंभ होते. गाव साक्षर झाले की समारंभपूर्वक त्याचा गौरव होई. त्या अनुभवाचा धडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. शिकलेली अक्षरे वापरात राहिली नाहीत, तर ती पुसट होतात. सही शिकलेल्या आजीबाईंना पुढच्या वर्षीही वाचावयास काही मिळाले पाहिजे : बचतगटाचे पुस्तक, बसची पाटी, औषधाच्या वेष्टनावरील तारीख, हरिपाठाची पोथी.

यातूनच पाचवे क्षेत्र येते, ते ग्रंथालयाचे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात शासनमान्य ग्रंथालयांचे मोठे जाळे उभे राहिले. परंतु अनेक गावांत कपाटाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे तरी, अशी स्थिती असते. दर रविवारी सकाळी दोन तास ते कपाट उघडणे, मुलांना गोष्टीचे पुस्तक हाती देणे आणि पुढच्या रविवारी त्यावर गप्पा मारणे, या कामाला ना अनुदान लागते ना परवानगीचा मोठा खटाटोप.

सहावे क्षेत्र दृष्टिहीन विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याचे. याविषयी एक गैरसमज आढळतो. अनेक शिक्षकांना वाटते, की परीक्षेत लेखनिक म्हणून बसावे. परंतु विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी, असे २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले होते. पदवीधर शिक्षक दहावीच्या विद्यार्थ्याचा लेखनिक होऊ शकत नाही, आणि तेच योग्य आहे. शिक्षकाचे काम परीक्षेच्या आधीचे. पाठ्यपुस्तक स्वच्छ उच्चारांत वाचून ध्वनिमुद्रित करणे, भूमितीतील आकृती शब्दांत उभी करणे, उत्तर तोंडी नेमकेपणाने सांगण्याचा सराव विद्यार्थ्याकडून करून घेणे, आणि जो मुलगा लेखनिक होणार त्याला न चुकता ऐकून लिहिण्याची सवय लावणे. प्रवास न झेपणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकालाही यांतील काही कामे घरबसल्या करता येतात.

ज्यांना इतिहासाची गोडी आहे त्यांनी मोडी लिपी शिकावी. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरले आहेत याची जाणीव राज्याला झाली. स्वतः शिकून चार तरुणांना शिकविणे, हेही अध्यापनच आहे.

स्वतःत करावयाचे बदल

काम जितके उदात्त, तितक्या त्यातील अडचणी मोकळेपणाने मांडल्या पाहिजेत. सर्वांत कठीण असते ते खुर्चीची सवय सोडणे. काल जो मुख्याध्यापक होता, तो आज दुसऱ्याच्या शाळेत साहाय्यक म्हणून जातो. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य त्याच्या जिभेवर आले, की त्याच क्षणी शाळेचे दार अर्धे मिटते. कार्यरत शिक्षकाला निरीक्षक नको असतो, सोबती हवा असतो. म्हणून त्याच्या वर्गाविषयी गावात टीका करू नये. मुलाची प्रगती प्रथम त्यालाच सांगावी आणि श्रेयही त्यालाच द्यावे.

दुसरी गोष्ट बदललेल्या पद्धतींची. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या रीतीविषयी मत काहीही असो, पुस्तकात जे आहे ते समजून न घेता शिकवावयास बसले, तर गोंधळ मुलाचा होतो. आणि छडीविषयी तर बोलावयासच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही बंदी केली आहे. मागे पडलेले मूल आधीच लाजेने वाकलेले असते. त्याला धाक कमी आणि धीर अधिक लागतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. मुलांना शिकवावयाचे ते उघड्या, येत्या-जात्या ठिकाणी. मंदिराच्या सभामंडपात, समाजमंदिरात वा शाळेच्या ओसरीत. पालकांना त्याची पूर्वकल्पना असावी. संस्थेने पोलीस पडताळणी वा ओळखपत्र मागितले, तर त्यात अपमान मानू नये. आपली मुले कोणाच्या हाती आहेत हे पाहणे समाजाचे कर्तव्यच आहे.

चौथी गोष्ट नियमितपणाची. उत्साहाच्या भरात सहा दिवस कबूल करून तिसऱ्या आठवड्यात अनुपस्थित राहणारा स्वयंसेवक मुलांचा विश्वास गमावतो. त्यापेक्षा दोनच दिवस ठरवावेत, पण ते पाळावेत. बाहेरगावी जावयाचे असेल, तर मुलांना आधी सांगून जावे. प्रकृतीला झेपेल तेवढेच घ्यावे आणि शक्य तर दोन-तीन शिक्षकांनी मिळून काम उभे करावे, म्हणजे एकाच्या आजारपणात ते थांबत नाही.

घरच्यांचे कर्तव्य

शेवटी एक विचार कुटुंबीयांसाठी. निवृत्त शिक्षक सकाळी घराबाहेर पडला, तर घर त्याला सहसा अडवीत नाही. निवृत्त शिक्षिकेची गोष्ट मात्र निराळी असते. तीस-पस्तीस वर्षे नोकरी आणि संसार अशी दुहेरी ओढ तिने सोसलेली असते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तिचा सगळा वेळ आता घराचा, असे घरातील सर्वच जण न बोलता ठरवून टाकतात. नातवंडांवर तिचा जीव असतोच. परंतु त्या जिव्हाळ्याचा असा उपयोग करून घेणे न्याय्य नव्हे. निरक्षर स्त्रियांना शिकविण्याचे काम शिक्षिका जितक्या सहजतेने करू शकते, तितके दुसरे कोणी करू शकणार नाही. तिच्यासमोर त्या मोकळेपणाने चुकतात, हसतात, पुन्हा प्रयत्न करतात. आठवड्यातील तीन दुपारी घराने तिला मोकळ्या करून दिल्या, तर त्या घरालाही सेवेचे तितकेच श्रेय आहे. आणि आजी कोणाला तरी शिकवावयास जाते हे पाहत वाढणाऱ्या नातवंडांवर होणारा संस्कार कोणत्याही शिबिरात मिळणार नाही.

या मेळाव्यातून घरी परतताना प्रत्येकाने तीन गोष्टी निश्चित कराव्यात : कोठे जावयाचे, कोणत्या दिवशी जावयाचे आणि आपल्याबरोबर कोणाला न्यावयाचे. संस्था, फलक, उद्घाटन यांची वाट पाहू नये. जवळच्या शाळेत जाऊन ‘ज्याला अजून वाचता येत नाही असे एक मूल माझ्याकडे द्या’ एवढेच म्हणावे. त्या शाळेत असे मूल आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या बाकावर बसून ते पुस्तकात डोके खुपसून वाचण्याचे नाटक करीत आहे. त्याच्या शेजारी जाऊन बसावयाचे आहे.